आल्यागेल्याची मूठ

येसूबाईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि पहिली मूठ सुपात टाकली.

“प्रशांतच्या दोन,” त्या पुटपुटल्या. “पोरीच्या दोन. माझ्या दोन.” मग जरा हलक्या हातानं सातवी. “नि ही आल्यागेल्याची.”

डब्याचं झाकण लागलं. समोर बिरड्यासाठी वाल सोलत बसलेल्या रत्नप्रभेनं मान वर केली नाही. मस्कतहून शेणव्याला येऊन तिला पाच दिवस झाले होते, आणि पाचही दिवस सासूबाईंच्या मुठी सातच भरत होत्या. पहिल्या दिवशी भात कमी पडला तेव्हा सगळे हसले. “हाताची सवय गो,” म्हणत येसूबाईंनी कपाळावर हात मारला होता. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. रत्नप्रभाच म्हणाली, मला आता भात फारसा लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून ते कोणाच्या लक्षात येणंही बंद झालं.

दारात अवचित कोणी आलं तर उपाशी जाऊ नये म्हणून एक मूठ जादा शिजवायची, ही त्या घरातली येसूबाईंच्या सासूपासूनची रीत. गेले पाच दिवस रत्नप्रभा तीच मूठ जेवत होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला अगदी रडू कोसळलं असतं, पण सांगणार काय? चाळिशीला टेकलेली बाई, दोन वर्षांनी परदेशातून आली आणि भातावरून रुसली, म्हणून गावानं फिदीफिदी हसायचं. ती वाल सोलत राहिली.

तसं पाहिलं तर रुसायचा तिला काय अधिकार होता? मस्कतला म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला ती गेली ती सगळ्यांच्या संमतीनं. लेक हर्षाली तेव्हा आठ वर्षांची होती. पहिले दोन महिने रत्नप्रभेचे हाल कुत्रं खाणार नाही असे झाले. मनगटावरचं घड्याळ तिनं बदललंच नव्हतं. तिथं दुपारचे साडेतीन वाजले की घड्याळात पाच वाजायचे आणि हिच्या डोळ्यांपुढे शाळा सुटायची. म्हाताऱ्याच्या तोंडात औषधाचा चमचा आणि हिचं लक्ष शेणव्याच्या रस्त्यावर. फोन सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. इकडे पोर रडायची आणि तिकडे ही.

एका खोलीत सहा बायका होत्या. त्यांनी तिला माणसात आणलं. केरळची अन्नम्मा सतरा वर्षं बाहेर काढलेली. ती म्हणाली, फोन आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, पंधरा मिनिटं. रोज खपली काढलीस तर जखम भरायची कधी? श्रीलंकेची कुसुम कमी बोलायची. तिनं एक दिवस हिचा हात धरला आणि घड्याळाचे काटे सरळ दीड तास मागे फिरवले. खेडची जुबेदाआपा त्याहून खमकी. रत्नप्रभेनं घरून नेलेली सुकट, तांदळाचं पीठ आणि मसाला एका पिशवीत पेटीच्या तळाशी दडवून ठेवला होता. फार जीव गलबलला की ती पिशवी उघडून वास घ्यायची. जुबेदाआपानं एका शुक्रवारी ती पिशवी बाहेर काढली, सगळ्याचं जेवण केलं आणि सहाजणींना वाढलं.

“संपवून टाक,” ती म्हणाली. “जपून ठेवशील तर तेच तुला खाईल.”

रत्नप्रभा त्या दिवशी जेवली आणि ढसाढसा रडली, आणि त्यानंतर फारशी रडली नाही. सहाव्या महिन्यात काम संपवून निघताना ती दारावरच्या माणसाला सहज म्हणाली, “घरी जाते.” खोलीचा जिना चढताना तिला कळलं, आपण काय बोललो ते. तेव्हा तिला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. जिंकलं आपण, असं वाटलं होतं.

आता कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं, पुढची दोन वर्षं येणार की नाही. तिनं प्रशांतला विचारलं होतं. तो पडघ्याजवळच्या गोदामात कामाला, येता-जाता दमलेला. बूट काढता काढता म्हणाला, “तुझ्या मनावर हाय. तू ठरवशील त्याला माझी ना नाय.” शहाण्या नवऱ्याचं उत्तर. तिला शहाणा नवरा नको होता. कोणीतरी एकदा, भांडून का होईना, ‘आता नको जाऊस’ म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. सासूनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोरीनं म्हटलं असतं, तर तिनं त्याच क्षणी पेटी माळ्यावर टाकली असती.

गुरुवारी दुपारी प्रेमा आली. येसूबाईंच्या भावाची मुलगी, दिली होती वैशाखऱ्याला. सकाळी निघून मुरबाडला एसटी बदलून ती शहापूरला उतरली, तिथलं कागदांचं काम अर्धवट राहिलं म्हणून आत्याकडे मुक्कामाला. पुढच्या आठवड्यात तिचं दुबईचं विमान होतं.

“जय भीम, आत्या,” म्हणत ती वाकली, पाणी प्यायली आणि तिनं सरळ रत्नप्रभेच्या पुढ्यात बैठक मारली.

“वहिनी, मी तुमच्यासाठीच आले. कागद काय, उद्याबी झाले असते. मला सांगा, ऱ्हायचं कसं?”

“कुठं?”

“तिथं. माझी धाकटी साडेतीन वर्सांची हाय. मी भांडी घासायला मागं गेले तरी हाका मारते. मी तिथं ऱ्हाईन कशी?”

रत्नप्रभेनं तिला सगळं सांगितलं. शुक्रवारचा फोन, घड्याळाचे काटे, पेटीतली पिशवी. जसं तिला मिळालं होतं तसं, हातचं काही न राखता. प्रेमा मन लावून ऐकत होती. मध्येच तिनं मोबाइलमध्ये काहीतरी लिहूनही घेतलं. येसूबाई दाराशी बसून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “मलाबी कुनी सांगायला पायजे व्हतं.”

“तुमाला काय, आत्या? तुमी तर घरात.”

“घरात म्हनूनच. ही गेली नि दोन मयने मी हिच्या मुठी धरत व्हते. भात उरायचा. सकाळी कोंबड्यांना घालायची नि रडायची. मग एक दिस हाताला सांगितलं, बाई, आता पुरं.”

एवढं बोलून त्या पदर सावरत उठल्या आणि कोंबड्या बघायला मागं गेल्या. सासूबाई विसरल्या, असं रत्नप्रभा पाच दिवस धरून बसली होती. विसरायला त्या म्हातारीला दोन महिने लागले होते.

हर्षाली शाळेतून येऊन उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा चावत बसली होती. प्रेमानं तिला जवळ ओढलं.

“तू सांग गो. मम्मी गेली तवा तू काय केलंस? माझ्या पोरीला तसंच शिकवते.”

हर्षालीनं घास गिळला. “आधी मी मम्मीची साडी घेऊन झोपायची. ती निळी. तिला वास यायचा.”

“मग?”

“मग मीनानं सांगितलं, तसं नाय करायचं. तिची आई दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाते, पावसाळ्याला येते. मीना आजीपाशी ऱ्हाते. तिला सगळं माहीत हाय. ती म्हणाली, साडी धुवायला टाक. वास गेला की झोप येते.”

“नि टाकलीस?”

“हो. दोनदा धुतली. मग आली झोप.”

हे सांगताना पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती, की दुःखही नव्हतं. पाढा पाठ झाल्यावर मुलं सांगतात तसं तिनं सांगितलं, आणि शाबासकी मिळेल म्हणून प्रेमाकडे पाहिलं. प्रेमानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “हुशार हायेस गो,” ती म्हणाली.

रत्नप्रभेला जुबेदाआपा आठवली. संपवून टाक. शेणव्याच्या दुसरी-तिसरीतल्या एका पोरीनं तेच सांगितलं होतं, आणि तिच्या लेकीनं ते तिच्याहून लवकर साधलं होतं. त्या शुक्रवारच्या पंधरा मिनिटांत हर्षाली हळूहळू दहावर आली, मग पाचावर, मग ‘बरं मम्मी, ठेवते’ म्हणू लागली. तेव्हा रत्नप्रभेनं खोलीतल्या बायकांना अभिमानानं सांगितलं होतं, माझी पोर समजूतदार झाली. आता तिला त्या समजूतदारपणाचा संताप आला. पण संतापायचं कोणावर? सगळ्यांनी सगळ्यांचं भलंच केलं होतं.

“हर्षू,” तिनं विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून, “मी परत जाऊ का?”

पोरीनं जरा विचार केला.

“जा की,” ती म्हणाली. “सुट्टी संपून शाळा सुरू व्हायच्या आधी जा पण. मग मला सवय होते.”

आणि ती मीनाकडे खेळायला पळाली.

संध्याकाळी येसूबाई विहारातल्या वंदनेला गेल्या. जाताना म्हणाल्या, भात तूच टाक, मला उशीर होईल. बांधापलीकडे कोणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतं, त्याचा धूर परसात उतरला होता. रत्नप्रभेनं सूप घेतलं आणि तांदळाचा डबा पुढ्यात ओढला. दुपारपासून ती याच घटकेची वाट पाहत होती, हे ती कोणाला बोलली नव्हती. आज हात तिचा होता. आज कोणाच्या सवयीचा प्रश्न नव्हता. पाच माणसांच्या दहा आणि एक जादा, अशा अकरा मुठी ती टाकणार होती, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं आपलं ताट भरून जेवणार होती. त्यानंतर कंपनीला काय कळवायचं ते बघू.

प्रेमा शेजारी बसून मिरच्यांचे देठ काढत होती.

“वहिनी, खरं सांगा. तुमी परत जाणार?”

“अजून ठरलं नाय.”

“माझी सासू म्हणते, आधी आधी जड जातं. मग बाई तिथलीच होते.”

“होते,” रत्नप्रभा म्हणाली आणि डब्यात हात घातला. तांदूळ गार होता. घरच्याच शेतातला, जाडसर. तिला लग्न होऊन आली तेव्हाचं आठवलं, सासूबाईंनी तिचा हात धरून मूठ किती सैल ठेवायची ते शिकवलं होतं. तिच्या नकळत ओठ हलू लागले.

“आईंच्या दोन. ह्यांच्या दोन. हर्षूच्या दोन. प्रेमाच्या दोन.” मग जरा हलक्या हातानं आणखी एक. “ही आल्यागेल्याची.”

तिनं झाकण लावलं आणि सूप पाखडायला उचललं.

प्रेमाचे हात थांबले होते. ती सुपाकडे बघत होती, मग रत्नप्रभेकडे.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “तुमच्या नाय धरल्यात?”

रत्नप्रभा सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली. नऊ मुठी. चुकून एखादी मूठ राहावी तसं हे नव्हतं. हातानं हिशेब पुरा केला होता, झाकणही आपणहून लावलं होतं. डबा समोरच होता. उघडून दोन मुठी टाकायला कितीसा वेळ लागला असता? प्रेमानं तो पुढं सरकवलासुद्धा. रत्नप्रभेनं तो परत फळीवर ठेवून दिला.

“धरली ना,” ती म्हणाली. “शेवटची.”

तिनं तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले. मग ओढणीला हात पुसून मोबाइल घेतला आणि कंपनीला कळवून टाकलं, येते म्हणून. मिरच्या तशाच टाकून प्रेमा परसात गेली आणि धाकटीला फोन लावून बसली, आठवड्याचा वार कुठला ते न बघता.

त्या संध्याकाळी भात सगळ्यांना पुरला.