नऊ दिवसांची पट्टी

शिंदखेड्याकडच्या खेड्यांत कुणाचं हाड मोडलं, की तोंडातून आधी देवाचं नाव निघे आणि लगेच जीवराम आबांचं. चाळीस वर्षं आबा हाडं बसवत होते, मोबदला एक नारळ. त्यामुळे त्यांची लेक रोहिणी कुरडया वाळत घालून गच्चीच्या शिडीवरून घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मोडून बसली, तेव्हा दवाखान्याचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. खुद्द रोहिणीचीही नाही, आणि बाई धुळ्याला फिजिओथेरपी शिकत होती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आबांनी हाड ओढलं, दाबून बसवलं, लेप लावला आणि बांबूच्या कामट्यांवरून पट्टी आवळली. "नऊ दिन सोडानी नही," म्हणाले. ही त्यांच्या गुरूची आण होती. पट्टी आधी सुटली की बांधणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. चाळीस वर्षांत एकही सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर पडल्या पडल्या रोहिणीने स्वतःलाच तपासलं. मनगटावर नाडी लागत होती, म्हणजे दंडाच्या आतल्या अंगाने उतरणारी मोठी रक्तवाहिनी शाबूत. तिच्या सोबतीने येणारी नसही ठीक होती, कारण अंगठा तर्जनीला टेकत होता. करंगळीला स्पर्श कळत होता. मग तिने मनगट वर उचलायला घेतलं. ते उचललंच गेलं नाही.

काल पडल्यावर, बांधायच्या आधी, हेच मनगट वर होत होतं. मनगट वर उचलणारी नस दंडाच्या मागून हाडाला वेढा घालत, अगदी चिकटून जाते. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या वर्गात रोहिणीने ती चिमट्याने उचलून पाहिली होती, सुतळीएवढी. हाड बसवताना ती दोन तुकड्यांमध्ये सापडली असणार. वरून कामट्या, त्यावर पट्टी, पट्टीवर गुरूची आण, आणि अजून आठ दिवस.

बाहेर भटूकाका खलबत्त्यात औषध कुटत होता, डाव्या हाताने. वीस वर्षांपूर्वी तो चांगला सुतार होता. त्याचा दंड आबांनीच बांधला. हाड सरळ जुळलं, पण उजवा पंजा जो लोंबला तो लोंबलाच. आबा म्हणाले, नशीब. मग त्यांनी त्याला आपल्याच दारात काम दिलं, आणि गावाने त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. भटूनेही केलं.

गेल्या वर्षी पुस्तकात तसल्या पंजाचं चित्र पाहिलं, तेव्हाच रोहिणीला सगळं कळलं होतं. ती घरी काही बोलली नाही. बापाला दुखवायचं कशाला? आता पट्टी सोडायला सांगावी तर भटूचंही उघड होणार, न सांगावी तर स्वतःचा हात जाणार; धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

आबा चहा घेऊन आत आले.

"आबा, पट्टी सोडा."

"येडी व्हयनी का? नऊ दिन..."

"मनगट वर व्हत नही."

"सूज शे. उतरी जाई."

रोहिणीने डाव्या हाताने त्यांचं बोट धरलं आणि उजव्या पंजाच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधे ठेवलं. "आठे दाबा."

त्यांनी नख रुतवलं. "दुखस का?"

"काहीच समजत नही."

आबांनी तिचा पंजा उचलून सोडला. तो ज्या तऱ्हेने पडला, ते त्यांनी वीस वर्षं रोज पाहिलं होतं. त्यांनी दाराबाहेर, खलबत्त्याच्या आवाजाकडे पाहिलं.

"भटूना हात बी... मीच का?"

पट्टी आता सुटणारच होती. 'नही आबा, नशीबच ते,' एवढं म्हणून बापाचं म्हातारपण वाचवता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही. रोहिणी रडायला लागली.

"हा, आबा. बहुतेक तसंच. माले वरीसभर माहीत व्हतं."

आबांनी कोनाड्यातली कात्री घेतली, पट्टीपर्यंत नेली आणि मागे घेतली.

"भटू, आठे ये."

खलबत्त्याचा आवाज थांबला. भटू आला. आबांनी कात्री त्याच्या डाव्या हातात दिली. "सोड हाई पट्टी."

"आबा, नऊ दिन व्हयनात नही."

"सोड. पोरले धुळाले नेनं शे."

भटूने गाठ कापली. आबांनी लेकीचा हात उशीवर अलगद ठेवला. मग ते भटूकडे वळले आणि त्याचा लोंबता पंजा दोन्ही हातांत घेऊन त्यांनी मनगट वर उचलून धरलं. भटूला काही कळेना, तो हसत उभा राहिला. आबांनी हात काढून घेतले. पंजा खाली पडला.