सिद्धीचे एकवीस दिवस आणि मी

गोव्यात, पार्से गावातल्या एका घरात, माजघराच्या दारामागे माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर रबराची काळी चटई, पुढे गोल काच आणि काचेआड तांबडा काटा, एवढंच माझं रूप. माझा जन्म कोल्हापूरच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्यावर वीस किलोचं माप ठेवलं, काटा बरोबर विसावर थांबलेला पाहिला आणि मगच मला खोक्यात भरलं.

माझी उमेदीची वर्षं पेडण्यातल्या एका दवाखान्यात गेली. तिथे शेवंतीबाई नावाच्या परिचारिका होत्या. रोज सकाळी त्या मला ओल्या फडक्याने पुसत, काटा शून्यावर आहे ना ते पाहत. गरोदर बायका, म्हातारे, शाळेतली मुलं, सगळ्यांना मी तोललं.

तिथेच मला गोपाळ भेटला. तो टॅक्सी चालवायचा. दिवसभर बसून काम, जाईल तिथे गोड चहा आणि पाव. पहिल्यांदा तो माझ्यावर उभा राहिला तेव्हा काटा ब्याण्णववर गेला. रक्तात साखरही बरीच निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला मोजका आहार लिहून दिला. उकड्या तांदळाचा भात एकच वाटी, बरोबर आळसांद्यांची म्हणजे टपोऱ्या चवळीची उसळ, लाल माठाची तांबडी भाजी, बांगड्याचा तुकडा. चहात साखर नाही. दर शनिवारी तो यायचा. सहा महिन्यांत काटा ब्याऐंशीवर आला आणि त्याच्या गोळ्या निम्म्या झाल्या. "ह्या काट्याक हार घालूक जाय!" असं तो म्हणाला तेव्हा सगळा दवाखाना हसला. मला फार अभिमान वाटला.

मग दवाखान्यात विजेवर चालणारं नवं यंत्र आलं. मी मागच्या खोलीत गेलो. तीन वर्षं जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली पडून होतो. शेवंतीबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं आणि आपल्या शेजारच्या गोपाळला दिलं.

गोपाळची मुलगी सिद्धी तेव्हा नुकतीच मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागली होती. बावीस वर्षांची, हसरी मुलगी. एके दिवशी तिने फोनवर काहीतरी पाहिलं. एकवीस दिवसांत दहा किलो कमी! सकाळी दुधीचा रस, दुपारी तवशीच्या, म्हणजे काकडीच्या चकत्या, संध्याकाळी ताक. दुसरं काही नाही.

"वाटीभर पेज तरी घे गो," आई सुमंगला म्हणायची.

"एकवीस दिवसांची गजाल, आई. बाबांनी पण कमीच खाल्लां मां?"

आई पेजेची वाटी झाकून ठेवायची.

पहिल्या दिवशी काटा अडुसष्टवर होता. दहाव्या दिवशी चौसष्ट. सिद्धी आनंदाने टाळ्या वाजवायची आणि मित्रांनो, खरं सांगतो, मलाही आनंद व्हायचा. पुन्हा एकदा कुणीतरी माझी वाट पाहत होतं. अंगातून चरबी गेली, पाणी गेलं की हातापायांतली ताकद गेली, हे मला कळत नाही. मला फक्त आकडा कळतो.

एकविसाव्या दिवशी काटा एकसष्टवर थांबला. दहा किलो झाले नव्हते. म्हणून तिने ते तसंच पुढे चालू ठेवलं. आता ती दिवसातून चार-चार वेळा माझ्यावर उभी राहायची. टाळ्या थांबल्या. तिचे पाय थरथरायचे, त्यामुळे माझा काटाही थरथरायचा. एकदा आईने विचारलं, तेव्हा म्हणाली, "थंडी वाजता." एप्रिल महिना होता.

चाळिसाव्या दिवशी, कामावर जायची तयारी करताना, ती तिसऱ्यांदा माझ्यावर आली. काटा अठ्ठावन्नावर आला आणि एकदम शून्यावर गेला. माझ्यावर कुणीच नव्हतं. सिद्धी खाली पडली होती, तिच्या कोपराने माझी काच तडकली होती. अंगणात गाडी धूत असलेला गोपाळ ओल्या हातांनी धावत आला आणि तिला उचलून घेऊन गेला.

तीन दिवस ती इस्पितळात होती. शरीरातले क्षार फार खाली गेले होते, आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं तिथे सांगितलं. ती घरी आली त्या दुपारी शेवंतीबाई भेटायला आल्या. गोपाळने मला ओढ्यात फेकायला उचललं होतं.

"ह्या काट्यान घात केलो. उडयतंय व्हाळात!"

"ठेव त्याला खाली," शेवंतीबाई म्हणाल्या. "तुला याच काट्यावर गुण आला ना? कमी खाण्याने तुझं भलं झालं, ते मी नाही म्हणत नाही. पण तुझं वजन फार होतं, आजार होता. दर शनिवारी आम्ही तुझी साखर बघत होतो, रक्तदाब बघत होतो, त्याप्रमाणे गोळ्या कमी करत होतो. आणि तुझ्या ताटात भात, उसळ, मासळी सगळं होतं. हिच्या ताटात काय होतं? हिला चार-पाच किलो उतरवायचे असते, तर सावकाश उतरवता आले असते. एवढी घाई कशाला गो सिद्धी?"

सिद्धी खाटेवर उठून बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, माझी नोकरी लागली तेव्हा काकांच्या घरी तुमी काय म्हटलास, याद आसा?"

गोपाळला आठवेना.

"आमच्या सिद्धीक बॅगांच्या पट्ट्यार उभी केल्यार पट्टोच बंद पडतलो, असां म्हटलास. सगळे हसले. मी पण हसलंय."

गोपाळने मला जमिनीवर ठेवलं आणि तो तिच्या खाटेशी खालीच बसला. "मस्करी केली गो बाय," एवढंच म्हणाला. तिच्या पायांवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला. सुमंगलाने पेजेची वाटी आणली, ती त्याने घेतली आणि स्वतःच्या हाताने सिद्धीला भरवली. तिने सगळी पेज संपवली.

पुढे डॉक्टरीणबाईंनी तिला भरपूर आणि वेळेवर जेवायला सांगितलं. महिन्याभराने काटा बासष्टवर गेला तेव्हा ती घाबरली. "वाढूं दे," गोपाळ म्हणाला. "तुझो चेरो बघ आधी, कितको बरो दिसता." आता सिद्धी महिन्यातून एकदाच माझ्यावर उभी राहते. संध्याकाळी आईबरोबर मोरजीच्या वाळूवरून चालून येते आणि आल्यावर पोटभर जेवते.

मित्रांनो, माझी तडकलेली काच कुणी बदलली नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. अधूनमधून धूळ पुसा, काटा शून्यावर आणा, मी अजून खरं वजन सांगेन. वजन कमी करायचं असेल तर जरूर करा, पण जाणत्या डॉक्टरांना विचारून करा. आणि तुमच्या घरातलं कुणी माझ्यावर उभं असेल, तर काचेकडे वाकून आकडा वाचण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा आणि विचारा, "जेवलास मरे?"