मिठाचं धुकं

मी एक चष्मा आहे, आणि तोही जवळचा. माझ्यातून सुईचं नेढं दिसतं, तांदळातला खडा दिसतो, छापील अक्षर दिसतं. डोंगर मात्र नुसता डाग दिसतो. असा मी एका लांबच्या प्रवासाची गोष्ट सांगायला बसलोय, याचं तुम्हाला नवल वाटेल. मला तर अजून वाटतं.

माझ्या काचा देहूरोडच्या एका लहान दुकानात घासल्या गेल्या. तिथून औंढे गावच्या संगीताताईंनी मला घरी आणलं. दहावीपर्यंत शिकलेल्या संगीताताई लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे लोक दरी बघायला येतात, तिथे कणसं भाजून विकायच्या. मी दोरीने त्यांच्या गळ्यात असायचो.

"ताई, इथे तर काहीच दिसत नाही," गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"थांबा जरा. धुकं हटलं की दरी दिसेल. पण कड्याशी जाऊ नका."

लोक थांबायचे नाहीत. पांढऱ्या धुक्याकडे पाठ करून फोटो काढायचे आणि कणीस खात गाडीत बसायचे. माणसं इतक्या लांब येतात आणि एवढंसं थांबत नाहीत, हे मला कधी कळलं नाही.

गेल्या थंडीत बचत गटाच्या बायका सहलीच्या बसने, शहरातल्या लोकांबरोबर, कच्छचं रण बघायला निघाल्या. दुसऱ्याचा मुलूख बघायला संगीताताई पहिल्यांदाच घराबाहेर पडत होत्या. शेजारच्या सीटवर सरूबाई होत्या. त्या औंढ्याच्या वर, डोंगरातल्या वाडीत राहतात. गुरं राखण्यात आणि कड्याकडेच्या वाटेने मोळ्या आणण्यात त्यांचा जन्म गेलेला.

उजाडताना बसने आम्हाला रणाच्या तोंडाशी उतरवलं. खाली पांढरं, वर पांढरं, मधे रेघसुद्धा नाही. माझ्या काचांना लांबचं आणि जवळचं पहिल्यांदाच सारखं दिसलं. सरूबाईंनी दोन्ही हात आडवे पसरले.

"थांबा गं. धुकं लय दाट हाय. हितं कडा असंल."

आणि मावळच्या त्या सगळ्या बायका थांबल्या. पदर सावरून ओळीने खाली बसल्या, दशम्या सोडल्या आणि धुकं हटायची वाट बघू लागल्या. बसचा गाइड त्या पांढऱ्यात सरळ चालत निघाला, तेव्हा सरूबाईंचा जीव वरखाली झाला. "आरं लेकरा, मागं ये. पडशील."

बसमधले शहरातले लोक हसायला लागले. कोणी तरी ते फोनवर टिपलंही. शेवटी संगीताताईंनी मला डोळ्यांवर चढवलं आणि वाकून जमिनीला बोट लावलं. माझ्यासमोर बारीक चौकोनी खडे चमकत होते. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"मावशी, धुकं न्हाई ह्ये. मीठ हाय."

आम्ही घरी पोचायच्या आधी तो व्हिडिओ औंढ्यात पोचला होता. सरूबाई रस्त्याने निघाल्या की पोरं मागून विचारायची, "आजी, धुकं हटलं का?" काही दिवसांनी सरूबाई खाली यायच्याच बंद झाल्या. पीठ दळायलासुद्धा सुनेला पाठवू लागल्या.

त्याच सुमारास लोणावळ्यातल्या एका वाचनालयाने बायकांची प्रवासवर्णनं छापायचं ठरवलं. संगीताताईंनी चूल आवरून लिहायला घेतलं. लिहिलं तेही झोकात. शुभ्रधवल रण, नयनरम्य पहाट, निसर्गाचा अद्भुत आविष्कार. हे शब्द माझ्यातून सरसर जात होते, पण एकाही शब्दात मला आमची पहाट दिसेना.

कागद टाइप करायला त्या स्टेशनजवळ अकबरीबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी.

"संगीता, तू खरंच गेली होतीस ना?" दोन पानं वाचून अकबरीबाई म्हणाल्या. "की बसवाल्याचं पत्रक उतरवून काढलंस?"

"इतकं वाईट आहे?"

"वाईट नाही गं. टाइप करता करता झोप लागेल, एवढंच. आणि तू एकटीच गेली होतीस का? यात एक माणूस नाही."

संगीताताईंनी मला काढून पदराने पुसलं. काचा स्वच्छच होत्या. "सरूमावशींना आधीच पोरं चिडवतात. मी लिहिलं तर ते छापून कायमचं राहील. त्या मला दारात उभं करणार नाहीत."

"मग त्यांनाच विचार. माझ्यापुढे कशाला चष्मा पुसतेस?"

घरी येऊन संगीताताईंनी पहिलं पान खोडलं. मग दुसरं. खोडाखोडीला माणसं घाबरतात, पण मी ती बोटभर अंतरावरून पाहिली आहे. 'नयनरम्य' गेलं आणि त्या जागी ओळीने बसलेल्या बायका आल्या. 'आविष्कार' गेला, दशम्या आल्या. शाई तीच, हात तोच, आणि कागद मात्र श्वास घ्यायला लागला.

ते कागद घेऊन त्या वाडीवर गेल्या. सरूबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"मावशी, तुमच्याबद्दल लिवलंय. तुमी नको म्हनलात तर हितंच फाडते."

"वाच की."

संगीताताई वाचू लागल्या. सूप थांबलं होतं. शेवटची ओळ झाली तेव्हा सरूबाईंनी कागदाकडे बोट केलं.

"संपलं?"

"व्हय."

"आन् पुढचं कुटं हाय?"

"पुढचं काय, मावशी?"

"तू मीठ चाखत बसलीस. मी पुढं गेलते." सरूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "जल्मभर पायाकडं बगून चालले. आपल्या हितं नजर उचलली की पाय गेला. तितं मान वर केली, आन् चालत ऱ्हायले. आभाळाकडं बगत. पाय टाकीन तितं जमीनच. एवढं सपाट असतंय व्हय, असं झालं. लोक हसले त्ये लिवलंस, आन् ह्ये सोडलंस?"

संगीताताईंनी अंगणातच मांडीवर कागद घेतला आणि पुढचं लिहायला लागल्या.

मी त्या पहाटे तिथे होतो आणि यातलं मला काहीच दिसलं नव्हतं. लांबचं मला दिसत नाहीच. पण आता, माझ्यासमोर वीतभर अंतरावर, एक म्हातारी बाई मान वर करून पांढऱ्या रणातून चालली होती. मला तिची पाठ दिसली, पदर दिसला, तिच्यापुढचं अख्खं आभाळ दिसलं. लिहिण्यात एवढं बळ असतं, हे माझ्यासारख्या जवळच्या चष्म्याला कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

पुस्तक छापून झालं. संगीताताईंचा नंबर वाढला आणि मी सरूबाईंकडे आलो. माझी एक काडी आता दोऱ्याने बांधलेली आहे, डाव्या काचेवर चरा आहे. मी तांदूळ निवडतो, काटा काढतो. माझे दिवस थोडे उरलेत, म्हणून एकच मागणं मागतो. तुमच्या घरात कोणी पहिल्यांदाच लिहायला बसलं असेल, तर हसू नका. त्यांचं खोडून होईपर्यंत थांबा.

सरूबाई पुन्हा खाली येतात. परवा गिरणीच्या ओट्यावर त्या पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाचता येत नाही, पण आपलं पान त्यांना ठाऊक आहे. छकुली नावाची एक पोर शेजारी येऊन टेकली. तिच्या आईने ते पान तिला वाचून दाखवलं होतं.

"आजी, तू चालत गेलीस, मग मिठाच्या पुढं काय होतं?"

सरूबाईंनी मला काढून पुस्तकावर ठेवलं आणि मान वर केली.

"पुढं बी मीठच, बाई. आन् त्याच्या पुढं नुसतं आभाळ."