समोरच्यांची मतं

आमच्या दोन पक्षांची नावं सांगून उपयोग नाही, तुम्ही ती ऐकलेली नसणार. माझ्या पक्षात बौद्ध, उत्तरेश्वर धोत्र्यांच्या पक्षात वडार. दोघांचा जीव खराडीच्या जुन्या बाजूच्या एका प्रभागात. मागच्या महापालिकेला महिलांच्या जागेवर दोघांनी आपापली बाई उभी केली आणि तिसरीच निवडून आली. आमची दोघांची मतं एकत्र केली तर तिच्यापेक्षा नऊशेनं जास्त होती. हे मी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत आलोय. लोक आता मला बघून रस्ता बदलतात.

यंदा युती ठरली. म्हणजे उमेदवार सोडून सगळं ठरलं. आमच्याकडून माझी मुलगी कल्याणी, वकिली करते. त्यांच्याकडून उत्तरेश्वरची वहिनी वेणूबाई, घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना चालवते. तीन बैठका झाल्या, चहा भरपूर झाला, निर्णय नाही.

मी पोस्टात छत्तीस वर्षं खिडकीवर बसलो. गोड बोलायची सवय तिथे लागत नाही. चौथ्या बैठकीत मी तोंडावर सांगितलं, "धोत्रे, राग मानू नका. आमचा माणूस शिकलेला आहे. आम्ही सांगितलं की तो डोळे झाकून वेणूबाईंना मत देईल. तुमची मतं कल्याणीकडे वळतील, याची खात्री कोण देणार?"

उत्तरेश्वर सेंट्रिंगची कामं घेतो. बोलतो कमी. "मग इचारूनच बघू," तो म्हणाला. "तुम्ही आमच्या वस्तीत फिरा, मी तुमच्या कॉलनीत फिरतो. ऐंशी-ऐंशी घरं. जिला समोरची माणसं जास्त हो म्हणतील, ती उभी राहील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येऊन कल्याणीला सांगितलं. तिने हातातली फाईल खाली ठेवली. "बाबा, तुम्ही वकील झाला नाहीत ते बरं झालं. तुमचं म्हणणं खरं निघालं तर तिकीट वेणूबाईंना जाणार. कळतंय ना?"

तोवर नव्हतं कळलं. अहो, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिला नगरसेवक झालेली बघायची, एवढी एकच इच्छा उरलीय माझी, आणि फुशारकीपायी मीच ती घालवून बसलो होतो.

रविवारी सकाळी वही घेऊन वस्तीत गेलो. दारं उघडीच होती. बसायला खुर्ची नसेल तिथे बादली पालथी घालून दिली. एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि वडारीत नातीशी काहीतरी बोलली. नात, उत्कर्षा, आयटी पार्कात हेल्पडेस्कला आहे. तिने मला मराठीत सांगितलं, "आजी विचारतेय, आमच्या पोरांचे जातीचे दाखले काढून दिले तीच ना ही वकीलबाई? मग तिलाच देणार म्हणते. फक्त मशीनवर कुठलं बटण दाबायचं ते आधी दाखवा."

ऐंशीपैकी एकसष्ट घरं हो म्हणाली. मी थक्क झालो. पण आमच्या कॉलनीत सत्तर-पंचाहत्तर तरी हो येणार, याची मला खात्री होती. म्हणजे तिकीट गेलंच. वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आपल्या माणसांचा अभिमानही वाटत होता.

संध्याकाळी बायपासजवळच्या हॉटेलात उत्तरेश्वर आला. एकटाच. वही टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"एकसष्ट," मी म्हणालो.

"आमचं एकोणीस."

"एकोणीस नाही म्हणाले?"

"हो म्हणाले," तो म्हणाला. "तिकीट कल्याणीताईंचं. अभिनंदन साहेब."

मी वही ओढून घेतली. घर नंबर, हो की नाही, पुढे शेरा. 'बघू.' 'आमची बाई असताना दुसरी कशाला?' 'दर वेळी आपणच का द्यायचं?' आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा, अकरा घरांपुढे: 'सभागृहात उभं राहून बोलता येईल का तिला?'

ते वाक्य माझं होतं. विहाराच्या पायरीवर बसून वर्षभर मीच ते सगळ्यांना ऐकवलं होतं. लोकांनी ते जसंच्या तसं परत दिलं. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

मी पानं मोजायच्या निमित्ताने खाली मान घालून म्हणालो, "ही एकोणऐंशीच घरं आहेत."

"तुमच्या घरी गेलो हुतो. राधावैनींनी चहा दिला, पोहे दिले." तो थांबला. "त्ये घर धरलं न्हाय."

माझी बायको काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.

"तिकीट वेणूबाईंना देऊन टाकू," असं अगदी जिभेवर आलं होतं. पण दिलं असतं तर आमच्याच कॉलनीने तिला पाडलं असतं, हे त्या वहीत लिहिलेलंच होतं. त्यांची माणसं शब्दाला जागणारी, म्हणून त्यांची बाई घरी बसणार. आमची नाहीत, म्हणून माझी मुलगी उभी राहणार. युतीच्या हिशेबाने हेच बरोबर होतं. वर मनातून मला हायसंही वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"धोत्रे, मी चुकलो," मी म्हणालो.

"जाऊ द्या साहेब. निवडून आणायचंय ना?" त्याने चहा संपवला. "वेणूबाई उद्यापासनं कल्याणीताईंच्या प्रचाराला येनार हाय. तयारीच करून बसलीय ती. पर येक इनंती हाय."

"बोला."

"तिला तुमच्या कॉलनीत नेऊ नका. मी तिला सांगितलंय, चार घरांनी हुकलं म्हणून."

मी बरं म्हणालो.