बेचाळीस बिया

नावाने बेबी, वयाने अडतीस आणि हुद्द्याने विम्याच्या ऑफिसात अकरा माणसांची साहेबीण. पण आई दारात उभी राहिली की हे सगळं गळून पडायचं. मग उरायची ती शाळेच्या फाटकाशी उभी असलेली पोरगी, आईने आत येऊन बाईंशी बोलू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली.

आज तर आई नऊलाच आली. सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, घरचीच माणसं, मोजून वीस. जेवण बाहेरून यायचं होतं. आईला काहीतरी आणायची हौस, म्हणून बेबीनेच तिला फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता, फळांत सारण भरायचा. ना गॅस, ना ओव्हन, नुसतं कापायचं आणि भरायचं. पाठवण्यामागे मायेपेक्षा हिशेब जास्त होता. घरी करून आणलं की आई इथल्या स्वयंपाकघरात तासन्‌तास उभी राहणार नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत बसणार नाही, एवढाच तो हिशेब.

आईने खजूर आणले होते. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, पातळ कागदाच्या घड्यांमध्ये, ओळीने झोपवलेले. प्रत्येकाच्या पोटात चीज, अक्रोडाचा चुरा, थोडा मध आणि संत्र्याची किसलेली साल.

"बेचाळीस आहेत," आई म्हणाली. "माणशी दोन आणि वर दोन. बिया मोजून काढल्यात. सारण उरलं ते ह्या बरणीत आहे."

"बरं बरं," बेबी म्हणाली, आणि आधी तो डबा झाकला. डब्यावरचं मांजराचं चित्र अर्धं खरवडलेलं होतं.

आई कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली. बेबीने नवं मोठं ताट काढलं. मधोमध स्ट्रॉबेऱ्या ठेवल्या. त्यांचीही पोटं कोरून तिने सकाळीच चीज भरलं होतं. भोवती आईचे खजूर मांडले. ताट काही भरेना. एवढ्या मोठ्या ताटात बेचाळीस खजूर अगदी दीनवाणे दिसायला लागले, लग्नात न बोलावता आल्यासारखे. आता खजूर कमी दिसले म्हणून कुणी कुणाच्या आईला नावं ठेवत नाही, पण हे बेबीला कोण सांगणार? तिने कपाटातून खजुराचं पाकीट काढलं, सुरी घेतली आणि बसली.

तेवढ्यात नणंदेचा फोन. केक कुठे ठेवायचा, मुलांना गादी मिळेल का, गाडी कुठे लावायची. फोन खांद्याने कानाशी दाबून बेबी हो-हो म्हणत राहिली आणि हात चालवत राहिली. खजूर चिरायचा, बी ओढायची, बरणीतलं सारण कोंबायचं, पुढचा घ्यायचा. अठरा झाले. बिया, स्ट्रॉबेऱ्यांचे देठ, सगळं एका हाताने गोळा करून तिने कचऱ्यात लोटलं. ताट छान भरलं. तिचा जीव भांड्यात पडला.

आई बाहेर आली, ताटाकडे बघून म्हणाली, "अगं, केवढं भरलेलं दिसतंय!" बेबीने खजुराचं पाकीट कपाटात सरकवलं.

आईने एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केली होती. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "आई काय करतात?" बेबीने सांगितलं, "ऑपरेशन थिएटरला असते." त्यात खोटं काही नव्हतं. "म्हणजे सिस्टर," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि बेबीने मान हलवली. झालं. त्या एका मान हलवण्यावर बारा वर्षं निघाली होती.

आई सिस्टर नव्हती. आई थिएटरची मावशी होती. ऑपरेशन चालू असताना रक्ताने भिजलेले कापडाचे बोळे बादलीत पडायचे. ते चिमट्याने एकेक काढायचे, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून पाच-पाचच्या ओळीत मांडायचे आणि मोठ्याने मोजायचे. जेवढे आत दिले तेवढे बाहेर आले की सिस्टरने म्हणायचं "बरोबर", आणि मगच डॉक्टरांनी पोट शिवायचं. एकदा एक बोळा कमी भरला. मोठे डॉक्टर घाईत होते, अंगावर ओरडले. आई बादलीशी उकिडवी बसून तेच म्हणत राहिली, "एक कमी आहे, साहेब." बोळा आतच निघाला. बेबीला आकडेसुद्धा आईने तसेच शिकवले होते, काड्यापेटीतल्या काड्या पाच-पाचच्या ओळीत मांडून. शाळेत पाढ्यांत बेबीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हे कुठून आलं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

अकरापर्यंत घर भरलं. सासरे नव्या सदऱ्यात अवघडून बसले होते, पोरं सोफ्यावरून उड्या मारत होती. ताट फिरलं आणि जो तो खजुरांचीच तारीफ करायला लागला.

"कुणी केले गं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या आईने," बेबी म्हणाली. सगळेच्या सगळे आईच्या नावावर करताना तिला छान वाटलं. कौतुक होतं, तोवर वाटणारच.

"काय सुरेख झालेत हो विहीणबाई! आणि काही शिजवायचंसुद्धा नाही?"

"काही नाही हो. नुसता हात बसला पाहिजे," आई खुलून म्हणाली. "चीर उभी द्यायची, पण टोकापर्यंत न्यायची नाही, म्हणजे सारण..."

सासूबाईंनी दुसरा खजूर तोंडात टाकला, आणि कट्‌ असा आवाज झाला. शेजारच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. सासूबाईंनी गाल धरला, रुमाल तोंडाशी नेला. रुमालात एक खजुराची बी होती आणि दाढेवरची कॅप.

बेबीला त्या क्षणी कळलं, बी कुणाची ते. बिया तिने मोजल्याच नव्हत्या.

"काही नाही, काही नाही," सासूबाई गाल धरून म्हणाल्या. "जुनीच होती कॅप, हलतच होती. बी राहिली वाटतं एखादी."

"राहायची नाही हो," आई पटकन म्हणाली. रागाने नाही, रोजची साधी गोष्ट सांगावी, तसं. "मी मोजल्यात ना. आमच्या थिएटरमध्ये कसं असायचं, बादलीतून एकेक..."

"आई!"

बेबी एवढ्या मोठ्याने ओरडली की पोरांच्या उड्या थांबल्या. आता बादली येणार, मग बोळे येणार, मग मावशी येणार, आणि बारा वर्षांची ती हललेली मान सगळ्यांसमोर ताटात येऊन पडणार. "जाऊ दे ना आता," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "राहिली असेल एखादी. त्यात काय एवढं?"

आईने तिच्याकडे बघितलं. मग ताटाकडे बघितलं. ते भरलेलं ताट ती जरा जास्त वेळ बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "राहिली असेल माझ्याकडून. हल्ली दिसत नाही नीट."

"काकू," धाकटे दीर खुर्चीत रेलून म्हणाले, "थिएटरमध्ये नाही ना राहिली कुणाच्या पोटात कात्री-बित्री?"

सगळे हसले. दीर वाईट नव्हते, त्यांना आपलं हसवायचं होतं. सासरेही हसले, सासूबाई गाल धरून हसल्या. आई तोंडावर हात ठेवून हसली. आणि सांगायला लाज वाटते, पण बेबीही हसली.

"थांबा, ताट बदलून आणते," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

बेबी दहा मिनिटं बाहेरच राहिली. उशा सारख्या केल्या. दाताच्या डॉक्टरांचा नंबर शोधून नवऱ्याला दिला. सासूबाईंना कोमट पाणी दिलं, आणि त्या "किती करतेस गं" म्हणाल्या तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. एक वाक्य बोलायचं होतं: बी माझी होती. ऑफिसात ही बाई अकरा माणसांच्या चुका काढते, दिवसातून दहा वेळा, नाव घेऊन. इथे तिची दातखीळ बसली होती.

शेवटी कॉफी ठेवायच्या निमित्ताने ती आत गेली.

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. पाटावर उरलेले सगळे खजूर होते आणि एकूण एक मधोमध फाडलेले होते, सारण बाहेर आलेले. इतक्या निगुतीने भरलेले आईचे स्वतःचे खजूरसुद्धा तिने सोडले नव्हते. बाजूच्या बशीत एक बी पडली होती.

"अजून एक निघाली," आई मागे न वळता म्हणाली. "पोरांपैकी कुणाच्या घशात गेली असती म्हणजे?"

बेबी दाराशीच थांबली.

"चिरेवरून कळलं मला. मी टोकापर्यंत नेत नाही. तू आरपार नेलीस. किती होते तुझे?"

"अठरा."

"आणि बिया?"

"मोजल्या नाहीत."

आईने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"मग बाहेर बोलली का नाहीस?" बेबीचा आवाज चिरकला. चूक आपली आणि तक्रारही आपलीच, हे तिला बोलताबोलताच कळलं.

"तू बोलू दिलंस?" आई म्हणाली. "आणि बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. मोजायला कुठे शिकले तेही. सिस्टर काही बादलीत हात घालत नाहीत गं." ती थांबली. "बारा वर्षं तुझ्या सासूबाई मला विचारतात, सिस्टरबाई, ही गोळी चालेल का? मी म्हणते, डॉक्टरांना विचारलेलं बरं. मला काय कळत नाही?"

ती हे चिडून म्हणाली असती तर बेबीला बरं वाटलं असतं.

"हसले सगळे," बेबी म्हणाली. "मी पण."

"बघितलं मी." आई ओला हात पुसत होती. "तू लपवलंस त्याचा राग नाही मला. माणूस घाबरतं. तू मोजल्या नाहीस ह्याचा आहे. जा, माझ्या पर्समधून चष्मा आण, अजून एकदा बघते हे सगळं."

पर्स बेडरूममध्ये खुर्चीवर होती. चष्म्याच्या घराखाली एक प्लॅस्टिकची पिशवी होती, रबर लावलेली. आत खजुराच्या बिया होत्या, धुऊन कोरड्या केलेल्या. सोबत वहीच्या कागदाची चिठ्ठी: खजूर घेतले ४२. बिया निघाल्या ४२. सकाळी ६.१०. खाली आईची सही, शाळेतल्या मुलासारखी, एकेक अक्षर सुटं.

म्हणजे आई बाहेर बसली होती, सगळे हसत होते, आणि हे तेवढा सगळा वेळ पंधरा पावलांवर, पर्समध्ये होतं. तिला फक्त उठून आणायचं होतं. ती उठली ती ताट न्यायला. बेबी खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिला रडूसुद्धा आलं नाही, इतकी तिला स्वतःची लाज वाटली.

मग ती पिशवी घेऊन सरळ बैठकीच्या खोलीत गेली. चष्मा तिथेच राहिला.

"जरा ऐका," ती म्हणाली. कुणी ऐकेना, केकवरून वाद चालला होता. "ऐका!" तिने टीपॉयवरचे कप बाजूला सारले. "दाढेखाली आली ती बी माझी होती. अठरा खजूर मी भरले, घाईत, ताट भरलेलं दिसावं म्हणून. आईच्या बिया ह्या आहेत." तिने पिशवी उलटी केली. "आणि आई सिस्टर नव्हती. थिएटरची मावशी होती. रक्ताचे बोळे बादलीतून काढून मोजायची. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. एकतीस वर्षांत कुणाच्या पोटात काही राहिलं नाही."

सासूबाईंचा रुमाल गालावर तसाच होता. नवरा उभा राहिला होता, पण कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. आता काय करावं हे न सुचून बेबी गुडघ्यांवर बसली आणि बिया मांडायला लागली. पाच. दहा. पंधरा. बिया निसटत होत्या. पस्तीस. चाळीस. ओळींच्या शेवटी एकच उरली.

"एकेचाळीस," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले. तिने टेबलाखाली बघितलं, पिशवी झटकली. काही नाही.

"चुकलीस," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "घाई करू नकोस. परत मोज."

वीस माणसांसमोर बेबीने ओळी मोडल्या आणि परत मांडायला घेतल्या. पाच. दहा. कुणीतरी एका पोराला गप्प केलं. धाकटे दीर खुर्चीतून वाकले, पायापाशी सतरंजीची कड उचलली, काहीतरी चिमटीत धरलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

"वहिनी, ही इथे आहे," ते हळू आवाजात म्हणाले. आईकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

बेबीने ती बी शेवटच्या बीशेजारी ठेवली.

"बेचाळीस," ती म्हणाली. मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

"बरोबर," आई म्हणाली.