प्रेमाकाकूंच्या घरातला केर

पंचावन्न साली माझा भाऊ लवू याला धंदा काढायचा होता, आणि तोही रविवारच्या आत. रविवार का, तर नलिनीच्या वडिलांनी, अण्णांनी, तसं बजावलं होतं. "धंदा दाखव आणि मुलगी ने. नाही तर वांद्र्याच्या सरकारी कारकुनाला होकार कळवतो." अण्णा ऑफिसात हेडक्लार्क, भाजीवालीकडेही पावती मागणारा माणूस. त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

नलिनी शेजारच्या चाळीतली. तिनं लवूला सरळ सांगितलं होतं, "काहीतरी कर रे बाबा, मला नाही जायचं वांद्र्याला." आणि हा बाबा काय करत होता? माझ्या खोलीत बसून, माझा चहा ढोसत, विचार करत होता. सोबत त्याचा मित्र धोंडू. अख्खं मुलुंड मोकळं पडलं होतं, पण ह्यांना सुचायला माझीच चटई लागायची.

"भाड्यानं भांडण," धोंडू म्हणाला. "पोस्टकार्ड आलं की जायचं आणि गिऱ्हाइकाच्या वतीनं शेजाऱ्याशी भांडायचं."

"आणि शेजाऱ्यानंही आपल्यालाच बोलावलं तर?"

"मग तू तिकडून भांड, मी इकडून."

लवूनं हे वहीत लिहून घेतलं, देवाशपथ. मग निघाली ढेकणांची शिकार. मग दुसऱ्याला आजारपणाची रजा मिळावी म्हणून त्याच्या साहेबासमोर जाऊन शिंकणारा माणूस. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मेल्यांनो, उठा! केर काढायचाय मला!"

लवू टुणकन उडाला. "ताई, हाच धंदा! बोलवाल तेव्हा घरसफाई!"

आता बोलावणार कसं? फोन कुणाच्या बापाकडे होता? तेव्हा ठरलं, ज्याला सफाई हवी त्यानं गॅलरीत लाल फडकं टांगायचं. पत्रकं वाटून झाली. बुधवारी दोघे केरसुण्या घेऊन निघाले, तर पहिल्याच चाळीत सतरा लाल फडकी! लुगडी, परकर, पोरांची लंगोटं. हे दोघे माना वर करून परकर न्याहाळताहेत म्हटल्यावर बायकांनी वरून बादल्या ओतल्या. लवू घरी आला तो चिंब भिजून.

तरी तीन खरी गिऱ्हाइकं लागली. पण तिथे भलतंच. परक्या माणसाला आपल्या घरातला केर दाखवायचा म्हणजे काय शोभा? बायका फडकं टांगायच्या आणि हे जिना चढेपर्यंत घर स्वतःच लख्ख झाडून घ्यायच्या. वर "या, बसा" म्हणून पोहे पुढे करायच्या. तीन दिवसांत धोंडूचं पोट सुटलं, पण केरसुणीची काडी झिजली नाही.

"झकास चाललाय ना धंदा?" लवूनं मला विचारलं.

"अरे, पण तू झाडलंस काय?"

"घरं साफ झाली ना, ताई?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

हे सगळं अण्णांच्या कानावर गेलं. त्यांची चिठ्ठी आली. रविवारी सकाळी दहाला घरी या, माझ्यासमोर केर काढून दाखवा, तर मुलगी तुमची. मीही गेले. आई गेल्यापासून लवूला मीच वाढवला होता, मुलाकडची मोठी मीच.

आणि नलिनीची आई प्रेमाकाकू! मुलाकडची माणसं येणार म्हटल्यावर ती बाई शुक्रवारपासून घर घासत होती. फरशीत माझं तोंड दिसत होतं. अण्णांनी पांढरा रुमाल काढून कपाटावर, खिडकीवर, दाराच्या चौकटीवर फिरवला. रुमाल पांढराच राहिला.

"वनमालाबाई, कुठाय केर? शोधू द्या तुमच्या भावाला," अण्णा म्हणाले.

केर सापडला नाही तर धंदा खोटा आणि नलिनी वांद्र्याला. सापडला तर होणाऱ्या सासूला तिच्याच घरात केर दाखवला! मग कोण देतंय मुलगी? काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. लवूनं कोपऱ्याकडे बघितलं की त्या खाकरायच्या, आणि लवू मान फिरवायचा.

"नाहीये हो," तो कसाबसा म्हणाला. "काकूंच्या घरात केर कसा असेल?"

"मग धंदाही नाही." अण्णांनी खुर्चीत बसून टेबलावरचं पोस्टकार्ड ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात नलिनी आतून आली. हातात शेगडीतल्या राखेनं भरलेली सुपली. कुणाकडेही न बघता तिनं ती खोलीच्या मधोमध उपडी केली. भसकन राख उडाली. अण्णांचा सदरा करडा झाला, काकू किंचाळल्या.

"हा माझा केर आहे, आईचा नाही," नलिनी म्हणाली. "काढ रे लवू."

पोरीचं मला इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. लवूनं केरसुणी उचलली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ह्यानं जन्मात कधी केर काढलेला नाही. मीच कधी काढू दिला नव्हता. त्यानं केरसुणी बॅटसारखी दोन्ही हातांनी धरली आणि असा फटका हाणला की राख थेट देव्हाऱ्यात. दुसरा फटका, राख अण्णांच्या चहात. धोंडू मदतीला धावला आणि त्यानं टेबलच आडवं केलं.

काकूंना बघवेना. पदर खोचून त्या धावल्या आणि केरसुणी हिसकावून घेतली.

"गे बाय माझे! सोड ती! जावयाच्या हातात केरसुणी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

आणि वाकून सपासप झाडायलाच लागल्या. नलिनीनं माझा हात घट्ट धरला.

"काय म्हणालीस?" अण्णांनी विचारलं. पेन अजून हातातच होतं.

"पाय वर घ्या," काकू म्हणाल्या.

अण्णांनी निमूटपणे पाय वर घेतले.