चारचा गजर चहाचा नाही

बरोबर चार वाजता सगळं सुरू झालं. चार म्हणजे दुपारचे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माझ्या तोंडावर पहाटेचे चार आणि दुपारचे चार सारखेच दिसतात.

मी चावीचं गजराचं घड्याळ बोलतोय. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर असतो. माझं काय चुकलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो, तुम्हीच बघा.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलावर आम्ही दोनशे जण ओळीनं बसलो होतो. एक बाई एकेकाला कानाशी धरून गजर वाजवून बघायची. माझी पाळी आली तशी ती दचकलीच. म्हणाली, "हा मेलेल्याला उठवेल!" मला ते कौतुकच वाटलं.

मला विकत घेतलं एका पाव भाजणाऱ्या माणसानं. पहाटे चारला भट्टी पेटवायची असायची. एकोणीस वर्षं मी त्यांना उठवलं. वाजायचं आणि माणूस उभा करायचा, एवढंच मला येत होतं. मग त्यांचे गुडघे गेले, भट्टी सुटली, आणि मी कपाटात गेलो. तिथे जुने मोजे, तुटका चष्मा आणि मी. कुणी चावीसुद्धा दिली नाही.

त्यांच्या धाकट्या लेकीला बाळ झालं तेव्हा त्यांनी मला पुसून तिच्या पिशवीत घातलं. "बाळाच्या औषधाच्या वेळेला होईल, ताई," म्हणाले. म्हणून मीही तिला ताईच म्हणतो.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाळाबरोबर ताईचंही वजन केलं. ते उतरलं होतं. दूधही कमी पडत होतं. "दिवसातून एकदा तरी बसून खा. उभ्या उभ्या घास टाकणं म्हणजे खाणं नव्हे. दहा मिनिटं ठरवून घे. नाहीतर दूध आटेल आणि मग रडत येशील माझ्याकडे." हे मला माहीत, कारण घरी आल्यावर ताईनं ते स्वतःशी दहादा घोकलं.

मग तिनं माझा गजर चारवर लावला. खरं सांगतो, मी गोंधळलो. आयुष्यभर मी माणसं उठवली. बसवायची ही पहिलीच वेळ. बसवायचं असेल तर वेगळं वाजायचं असतं का? मला तर एकच वाजणं येतं.

तरी पहिले चार दिवस बरे गेले. मी वाजायचो, ती बाळाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसायची आणि केळं सोलायची.

मग सुट्ट्या लागल्या. ताईच्या नवऱ्याच्या दुकानात गर्दी, तो दिवसभर तिकडेच. घरी सासूबाई होत्याच, त्यात नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं दहा दिवसांसाठी आली. गाद्या वाढल्या, धुणं वाढलं, ओट्यावर पेल्यांची रांग लागली. आणि मी बरोबर चार वाजता वाजलो.

बाहेरच्या खोलीत सगळे जेवून आडवे झाले होते. ते उठले. उठणारच, माझा आवाजच तसा. जावईबापू डोळे चोळत दारात आले. "वा वहिनी! चहाला घंटा! अगदी हॉटेलात आल्यासारखं वाटतंय."

"हो, ठेवतेच आता," ताई म्हणाली. सोललेलं केळं तिनं मागून आलेल्या भाच्याच्या हातात दिलं आणि आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी वाजायच्या आधीच मुलं दारात हजर. "मामी, घंटा कधी होणार?" सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईचा चहा म्हणजे चारचा ठोका!"

मी वाजायचो ती बसावी म्हणून, आणि नेमकी तेव्हाच ती सगळ्यात जास्त पळायची. मला वाटलं, मी पुढे धावतोय. मग वाटलं, मागे पडतोय. रेडिओवर वेळ सांगितली तेव्हा काटे ताडून पाहिले. बरोबर होतो. मग चुकत काय होतं?

सहाव्या दिवशी ताईनं माझ्या पाठीवरची कळ दाबली. गजर बंद. तिला वाटलं असणार, घंटाच नसली तर कुणी येणार नाही आणि आपण गुपचूप बसू. पण घंटा नाही म्हटल्यावर चार वाजलेले तिलाही कळले नाहीत. ती भांडी घासत राहिली. मी नुसता बघत राहिलो.

चार सतराला सासूबाई आल्या. "घड्याळ बंद पडलं का गं? सगळे चहाची वाट बघतायत."

ताई वळली आणि ओटा धरून खाली बसली. पडली असं मी म्हणणार नाही. बसली. पण मला हवी होती तशी नाही.

सासूबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. "सकाळपासून खाल्लंयस काय?"

"खाल्लं ना. मुलांच्या ताटातलं राहिलेलं."

"आणि हे चहाचं घड्याळ कुणी बंद केलं?"

"आई, ते चहाचं नाही हो. माझं बसायचं आहे." मग तिनं नर्सबाई, वजन, दूध, सगळं सांगितलं.

"मग आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगू? घर भरलेलं असताना मी बसते, असं?"

 सासूबाईंनी मला उचललं, उलटंसुलटं पाहिलं आणि कळ वर केली. "मला दोन मुलं झाली," त्या माझ्याकडेच बघून म्हणाल्या. "चारला मी कधी बसले होते, आठवत नाही बाई." तो राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही.

काल मी वाजलो. सगळे आले. सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "चहा साडेचारला. आणि काय हो जावईबापू, आधण ठेवता येतं का तुम्हाला?"

"येतं की! पण डबे कुठे असतात?"

"फळीवर. घड्याळाशेजारी."

ताई स्टुलावर बसली. केळं तिनंच खाल्लं. बाळ पीत होतं. पण तिची नजर माझ्यावरच. सातव्या मिनिटाला हळूच मला विचारलं, "अजून बसू ना?" मी काय सांगणार? टिकटिक केली. तिला ती 'हो' वाटली की 'ऊठ', देव जाणे. पण ती आणखी तीन मिनिटं बसली.

आता रविवारी चुलत सासऱ्यांकडची मंडळी यायची आहेत. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मी वाजणार आणि ती मंडळी उठून आत येणार. घरात मला एवढंच करता येतं. म्हणून तुम्हाला विनवतो, त्यांना दारातच गाठून सांगा, आणि त्यांना म्हणावं, मागून येणाऱ्यांनाही सांगा: चारचा गजर चहाचा नाही. आत बाई बसली आहे.